कोपऱ्यातली सोनेरी तबकडी

मी एका म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर सोनेरी तबकडी ठेवली आणि तिच्या मुलाला सांगितलं, की चूक त्याची आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं त्याच्याबद्दल लिहिता लिहिता मी त्याचा जुना मित्र असल्याचा आव आणीन, आणि तुम्हालाही तो खरा वाटेल.

तो बोलता बोलता मध्येच हात वर करायचा. वर्गातलं पोर बाहेर जायची परवानगी मागतं ना, तसा, एक बोट उभं धरून. समोर मालक असो, गिऱ्हाईक असो की चहावाला, सगळ्यांनी गप्प व्हायचं. मग मान तिरकी करून तो म्हणायचा, "थांबा भाऊ. वाजून राह्यलं."

काय वाजतंय ते आम्हाला कळायचं नाही. खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन असायचं, नाहीतर जिना चढणाऱ्या कोणाची तरी चप्पल. एकदा उशिरा आला म्हणून मालक त्याला झापत होते. ऐन भरात याचं बोट वर. मालक बिचारे थांबले.

"मालक, तुमी रागावले का खिशातल्या चाव्या लय मस्त वाजतेत तुमच्या."

मालकांना पुढं रागावताच येईना. त्यांनी खिशात हात घालून चाव्या घट्ट धरून ठेवल्या आणि म्हणाले, "जाय बे, कामाले लाग." आम्ही पोट धरून हसलो. मीसुद्धा हसलो. तेव्हा तो नवीन होता आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नव्हतं.

मंगरूळपीरला बसस्टँडजवळ एका जिन्यावर आमची कंट्रोल रूम होती. मालकांची केबल, पार मेडशीपर्यंत गेलेली, आणि त्या केबलवर गाण्यांचा आमचा स्वतःचा चॅनेल. चॅनेलला त्यांनी मुलीचं नाव दिलं होतं. दिवसभर गाणी, खालच्या पट्टीवर दुकानांच्या जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुमच्यापैकी कोणी त्या वेळी या भागात राहत असेल तर त्याला आठवेल, दोन गाण्यांच्या मध्ये आठ-दहा सेकंद चॅनेल स्वतःचं नाव सांगायचा. त्याला आम्ही मोंटाज म्हणायचो. ते मोंटाज मी बनवत होतो.

अकोल्याला जाऊन मल्टिमीडियाचा डिप्लोमा केला होता मी. त्या डिप्लोम्याच्या भारानं कंट्रोल रूममध्ये वऱ्हाडी बोलायचं सोडून दिलं होतं. माझ्या मोंटाजमध्ये काळ्या आकाशातून सोन्याची अक्षरं गरगरत यायची, एकमेकांवर आपटायची, ठिणग्या उडायच्या आणि शेवटी मोठा 'धडाम' व्हायचा. गाणी चालू असताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक सोनेरी तबकडी फिरत राहायची, तिच्यावर मालकांच्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर. तीही माझीच. सणासुदीला मी तिच्याभोवती झेंडूची माळ फिरवायचो. मालक खूश, मी खूश. लोकांना काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं.

तो मेडशीचा. लग्नांची शूटिंग करायचा. त्याचे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ते गेल्यावर ढोलकी मोठ्या भावाच्या वाट्याला आली आणि कान याच्या, असं तोच सांगायचा. मालकांनी त्याला दुकानांच्या जाहिराती शूट करायला ठेवलं होतं. वयानं माझ्यापेक्षा थोडा लहान. डब्यात काय आहे हे विचारायच्या आधी डब्यात हात घालणारा. माझे हेडफोन घेऊन जायचा आणि आठवड्यानं गुंता करून परत द्यायचा. आणि बढाईखोर म्हणाल तर असा, की स्वतःच्या कामाचं कौतुक तोच सगळ्यात आधी करायचा.

एक दिवस त्यानं मालकांपुढं लॅपटॉप उघडून ठेवला. पडद्यावर मेडशीहून येणारी एस.टी. खिडकीची सैल काच खडखडतेय, कंडक्टरची घंटी दोनदा, ड्रायव्हरचं दार धाडकन, पुन्हा काच. चार आवाज, पण त्यांचा असा काही ठेका बसला होता की खुर्चीतल्या माणसाचा पाय आपोआप हलावा. शेवटी बसच्या मागच्या काचेवरच्या धुळीत एक बोट चॅनेलचं नाव लिहितं, आणि बस निघून जाते. बस्स, एवढंच.

"असा मोंटाज मुंबईत नाई बनत, मालक!" तो स्वतःच म्हणाला.

मालकांनी तीनदा बघितला. "लाव बे," ते मला म्हणाले.

मी लावला. पहिले दोन-तीन दिवस मला त्यात गंमत वाटली, हे खरं आहे. मग एका सकाळी मी सलूनमध्ये दाढी करून घेत होतो. वर टीव्ही चालू होता. गाणं संपलं, काच खडखडली, आणि न्हाव्यानं वस्तरा माझ्या गळ्यावर जिथल्या तिथं थांबवला. "एक मिनिट दादा. एस.टी.वाला लागला."

माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून तो त्याचं काम बघत होता. ती तबकडी, ती सोन्याची अक्षरं वर्षानुवर्षं याच दुकानात, याच टीव्हीवर फिरत आली होती. त्यांच्यासाठी या माणसानं कधी कात्रीसुद्धा थांबवली नव्हती.

त्या दिवसापासून मला जिकडेतिकडे तेच ऐकू येऊ लागलं. शाळेतून येणारी पोरं दप्तरावर तोच ठेका धरायची. बाजार समितीतले हमाल पोती टाकता टाकता 'टिंग टिंग' म्हणायचे. त्यानं लगेच त्यांचाही मोंटाज केला: पोत्याचा धप्प, काट्याची साखळी, आणि सांडलेल्या सोयाबीनमध्ये पायाच्या अंगठ्यानं लिहिलेलं नाव. मग गावोगावचे लोक जिना चढून वर येऊ लागले. "आमच्या गावचा कवा काढता?" ते मला विचारायचे, कारण टेबलाशी मी बसलेला असायचो. मी बोट दाखवायचो. ते माझ्याकडे पाठ करायचे.

आणि एका संध्याकाळी माझी बायको भाकरी थापता थापता परातीच्या काठावर काच, घंटी, दार, काच असा ठेका धरून बसली. माझ्या घरात! मी विचारलं, "हे काय चाललंय?" ती म्हणाली, "काय? काही नाही." तिला खरंच माहीत नव्हतं आपण काय वाजवतोय ते. त्याचा मला जास्त राग आला.

मीही प्रयत्न केला, कबूल करतो. कोणाला न सांगता जऊळक्याच्या स्टेशनवर गेलो. दोन गाड्यांचा आवाज रेकॉर्ड केला. घरी येऊन ऐकलं तर नुसता वारा, आणि मध्ये एक शेंगदाणेवाला कोणाला तरी आईवरून शिव्या देत होता. मी ती फाइल पुसून टाकली आणि सोन्याच्या अक्षरांवर आणखी ठिणग्या वाढवल्या.

तो मात्र माझं काम बघून मनापासून म्हणायचा, "भाऊ, तुमचं सोनं लय चमकते." मला तो टोमणा वाटायचा. आज विचार करतो तर त्याला टोमणा मारता येत नव्हता. जे वाटेल ते तो बोलून मोकळा व्हायचा.

एकदा तो मायला घेऊन आला. तिला डोळे दाखवायला मंगरूळला आणलं होतं. जिना चढून दमलेली बारीक, काटक बाई. कंट्रोल रूममधले लुकलुकणारे दिवे बघून म्हणाली, "दिवाळीच हाय बाप्पा इथं तं." मग माझ्याकडे वळली. "तुमीच काय ते भाऊ? ह्यो सांगते, तुमी लय शिकवता म्हणे याले."

मी त्याला काही शिकवलं नव्हतं. शिकवायची वेळ आली तेव्हा टाळलं होतं.

तिनं पदरातून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. "याले सांगा ना, मले बी एकदा टीव्हीत दाखव म्हणा."

तो म्हणाला, "माय, रोज तं तुहे व्हिडिओ काढतो मी."

"थे फोनमंदी. फोनमंदी तं बकऱ्याबी रायतेत. टीव्हीत दाखव."

आम्ही हसलो. त्यानं मनावर घेतलं. तुरीचा हंगाम आला तेव्हा त्यानं मेडशीला आपल्याच अंगणात मोंटाज काढला. चार बाया सुपानं तूर पाखडतायत. कॅमेरा खाली, जमिनीलगत. वरून दाणे पडतायत, सुपाची थाप, बांगड्या, पुन्हा थाप. बाकी तिघी बसलेल्या. माय उजवीकडे ओट्यावर उभी, वाऱ्याला सूप धरून, आणि पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तिचा चेहरा. शेवटी ती खाली बघून हसते आणि पसरलेल्या तुरीत एक हात नाव लिहितो. त्याचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम ते होतं. मला ते पहिल्याच वेळी कळलं. 

आता एक गोष्ट समजून घ्या. मोंटाज लागला की कोपऱ्यातली तबकडी बंद करायची असते, कारण चॅनेलचं नाव तेव्हा पडद्यावर येतच असतं. आमच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी प्रत्येक मोंटाजपुढं एक खूण करावी लागायची, 'लोगो बंद'. गाण्यांच्या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे. ती खूण मी प्रत्येक मोंटाजला करत आलो होतो.

त्याच्या मायच्या मोंटाजला केली नाही.

विसरलो असं मला म्हणता येणार नाही. माझा हात त्या जागी गेला होता. मी बघितलं, की तबकडी बरोबर कुठं येईल. आणि हात मागं घेतला.

त्या संध्याकाळी त्यानं मेडशीला सगळी गल्ली टीव्हीपुढं बसवली होती. तिथं काय झालं ते दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं. गाणं संपलं, तूर पडू लागली, आणि मायच्या मानेवर सोन्याची चकती गरगर फिरू लागली. शेजारणी विचारायला लागल्या, "तू कुठं हायस वं?" माय म्हणाली, "थे सूपवाली मीच हावो." कोणीतरी म्हणालं, "तुहं तं मुंडकंच नाई." पोरं खिदळली. मग माय म्हणाली, "हात तं दिसले ना माहे," आणि उठून चुलीकडे गेली.

तो माझ्यासमोर उभा होता. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "भाऊ, लोगो कसा काय राह्यला?"

तेव्हा 'राहून गेला' एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. चूक समजून त्यानं सोडून दिलं असतं, आणि संध्याकाळी मोंटाज पुन्हा लागला असता. पण मी डिप्लोमावाल्या आवाजात म्हणालो, "आता लोगो कायम राहणार आहे. नवीन पद्धत आहे. शूटिंग करताना कोपरा सोडायचा असतो."

"मंग मले सांगायचं ना भाऊ."

"सांगितलं होतं. तुमचं लक्ष नव्हतं."

 मग त्यानं मान खाली घातली. "असंन," तो म्हणाला. "माह्या कानात दुसरंच वाजत रायते. तुमी सांगतलं असंन, म्या आयकलं नसंन."

आणि त्यानं स्वतःच तो मोंटाज चॅनेलवरून काढून टाकायला सांगितला. पुन्हा कधी लावू दिला नाही.

माझं खोटं खरं दिसावं म्हणून त्या दिवसापासून मला सगळ्याच मोंटाजवर तबकडी चालू ठेवावी लागली. माझ्या स्वतःच्यासुद्धा. सोन्याची अक्षरं आपटायची तेव्हा कोपऱ्यात आणखी एक सोनं फिरत असायचं. मालक म्हणाले, "अबे, हे डबल डबल काहून दिसून राह्यलं?" मी म्हटलं, "मोठ्या चॅनेलवर आता असंच असतं." 

तो बदलला. बोट वर करणं कमी झालं. काहीही सांगितलं की पुन्हा विचारायचा, "भाऊ, एवढंच ना? आजून काही सांगतलं होतं का मले?" चहा सांगायला गेला तरी जिन्यातून परत यायचा, "दोन सांगतले का तीन?" बाकीच्यांना त्याची गंमत वाटू लागली. कंट्रोल रूममधली पोरं मुद्दाम म्हणायची, "सांगतलं होतं की राव, तुमचंच ध्यान नोतं." तो खरं मानायचा.

काम मात्र त्याचं आणखी सुंदर होत गेलं. हे मला सहन होत नव्हतं. त्याच्या नव्या मोंटाजमध्ये उजवीकडे वर नेहमी मोकळी जागा असायची. कधी आभाळ, कधी पांढरी भिंत, कधी नुसतं ऊन. लोकांना ते फार आवडलं. मालक म्हणायचे, "याचं काम पाह्यलं का जीव मोकळा होते." मी गुपचूप त्याची नक्कल केली. सोन्याच्या अक्षरांना डावीकडे सरकवलं. शेवटी एकदा न राहवून, त्याची कला काढून घ्यावी अशा हिशेबानं मी विचारलं, "हा कोपरा तुम्ही रिकामा का सोडता?"

"थ्या कोपऱ्यात मायचं तोंड झाकलं म्या," तो म्हणाला. "आता थ्या जागी कोनाले उभं करत नाई."

मी 'बरं' म्हटलं. घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालो. खरं सांगायचं तर त्या रात्रीसुद्धा मला पश्चात्तापाच्या आधी हेवाच वाटला होता. मी त्याला जखम केली, आणि त्यानं तिच्यातूनसुद्धा लोकांना आवडेल असं काहीतरी काढलं. मी त्याच्या जागी असतो तर माझ्याच्यानं ते झालं नसतं.

पुढं सगळ्यांच्या हातात फोन आले. गाणी फोनवर, मोंटाजची वाट बघायला कोणी उरलं नाही. मालकांनी केबलची लाइन दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली आणि चॅनेल बंद झाला. मी फ्लेक्सचं दुकान टाकलं. तो मेडशीला परत गेला. थोडी शेती, लग्नसराईत शूटिंग. आमची गाठ क्वचित पडायची. पडली की तोच माझी चौकशी करायचा.

मग त्याची माय गेल्याचं कळलं. मी भेटायला गेलो. ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. त्याचा भाऊ, शेजारीपाजारी, मालेगावचे कोणी नातेवाईक. भिंतीवर तिचा फोटो होता. चेहरा पूर्ण दिसत होता. मी फार वेळ तिकडं बघू शकलो नाही.

तिच्या आठवणी निघाल्या होत्या. एक नातेवाईक म्हणाला, "टीव्हीत यायची लय हौस होती म्हणतेत बुढीले."

"आली बी असती," तो म्हणाला. "माह्या हातानं गेलं. भाऊनं मले सांगतलं होतं कोपरा सोड म्हून. म्या आयकलं नाई." आणि माझ्याकडे हात करून तो म्हणाला, "हे बसले भाऊ. इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी साक्षीदार होतो. आणि मी मान हलवली. हो, सांगितलं होतं, अशी.

तबकडी ठेवली तेव्हा मी मत्सरानं आंधळा होतो असं म्हणता येईल. पण त्या ओट्यावर कसला मत्सर होता? त्याच्याकडे तेव्हा हेवा करण्यासारखं काय होतं? तरी मान हलली. परत येताना एस.टी.त मी खिडकीशी बसलो होतो. काच वाजत होती. मी उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसलो.

त्यानंतर बरेच महिने मी ठरवत राहिलो. फोन काढायचो, ठेवायचो. फोनवर सांगितलं तर तो 'जाऊ द्या भाऊ' म्हणेल आणि मी सुटेन, एवढं मला कळत होतं. पण मी मान हलवली होती ती चार माणसांसमोर. त्या चार माणसांच्या डोक्यात तो अजून सांगितलेलं न ऐकणारा, ध्यान नसणारा लेक होता.

शेवटी गेलो. तो ओट्यावरच भेटला. पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. मी म्हटलं, तुमच्या भावाला बोलवा, आणि शेजारच्यांनाही. त्याला वाटलं, माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलोय. "पोरीचं जमलं काय भाऊ?" म्हणत तो हसत हसत सगळ्यांना हाक मारून आला. भाऊ आला, वहिनी दारात उभी राहिली, पलीकडच्या दोन म्हाताऱ्या आल्या. त्यांतली एक त्या मोंटाजमध्ये बसलेली होती, मला आठवली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खाली बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा चहा प्यायलो असतो आणि परत आलो असतो.

मी म्हटलं, "म्या याले कोपऱ्याचं कधीच सांगतलं नोतं. यानं आयकलं नाई, असं काही झालंच नोतं. लोगो मले बंद करता येत होता. म्या तो जाणून ठेवला, मायच्या तोंडावर, कारन याचं काम माह्याहून चांगलं होतं अन् मले थे पाहवत नोतं. मंग याच्याशी खोटं बोललो, अन् मागच्या खेपी तुमच्याशीबी. मायची माफी मागायची येळ निंगून गेली. तुही मांगतो. बाबू, तुह्या कानाची काहीच चूक नोती. मले माफ कर."